परस्पर संमतीने

ता. ४ मार्च

ती. दादास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोन पाण्यात पडला, म्हणून पत्र. फेरीबोटीवर तिकिटं फाडायचं काम धरलंय आणि पाचवा आठवडा चालू आहे, हसू नकोस. इथल्या कप्तानाचं एक मांजर आहे. ते बोट सुटायच्या आधी उतरतं आणि परत आली की चढतं, म्हणजे बोटीवर राहून त्याने खोल पाणी पाहिलेलंच नाही! असो, भरकटले.

खरी गोष्ट अशी, की काल डब्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात वाचलं, आपल्या बास्केटबॉल संघाचा जनरल मॅनेजर क्लबमधून गेला. अकरा वर्षं त्याने खेळाडू आणले आणि घालवले, आणि हंगामाचा जेमतेम सव्वा महिना उरलेला असताना एकदम बाहेर? क्लबचं पत्रक दीड ओळीचं. म्हणे, परस्पर संमतीने वेगळे होत आहोत. त्याने आपल्या लाडक्या उंच खेळाडूला, ‘शिडी’ला, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं तेव्हा मी त्याच्या नावाने आठवडाभर बोटं मोडली होती, आठवतं ना? तरी वाईट वाटलं. का, ते सांगता येत नाही.

दुकानात सोफे ठोकता ठोकता काय चर्चा चाललीय? अप्पांचं मत काय? विचार, पण मी विचारलंय म्हणून सांगू नकोस.

वहिनीला नमस्कार. लोभ पत्रापुरता नको, पुरून उरेल इतका असावा.

तुझी,
भिंगरी

*

ता. १३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानात आलेलं काहीही वाचतो तसं तुझं पत्रही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मांजरावरच दहा मिनिटं गेली. मग मॅनेजर. नियम तोच, ज्याच्या हातात हातोडी त्यानेच बोलायचं. न्हावीकाकांनी ती अर्धा तास सोडली नाही. त्यांचं म्हणणं, सरळ हाकललाय. संमती वगैरे वरून ताणलेलं कापड, आतली स्प्रिंग तुटलेली. गणिताचे मास्तर म्हणाले, तोच कंटाळला असणार, अकरा वर्षं शिव्या खाऊन कोण टिकतं? त्यावर काकांनी त्यांना आठवण करून दिली, की त्यातल्या निम्म्या मास्तरांच्याच होत्या.

अप्पांना विचारलं की तोंडात खिळे. सोफ्याला कापड ठोकताना ते बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात, हे तुला काय सांगायचं? हल्ली समोर सोफा नसला तरी धरतात.

आणखी एक. पुढच्या हंगामासाठी सामन्यांच्या जागांचा फॉर्म आलाय. चौदाव्या रांगेतल्या आपल्या दोन खुर्च्या ठेवायच्या की एक, ते ३१ तारखेच्या आत कळवायचंय. तू गेल्यापासून दोन वर्षं तुझ्या खुर्चीवर अप्पांचा कोट बसतो. न्हावीकाकांनी ती मागितलीय. अप्पा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने धाकटी कुठे असते म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, परस्पर संमतीने गेली. सगळे हसले. अप्पा सोडून.

जेवणाची आबाळ करू नकोस. घरचा लोभ आहे तिथेच आहे, तू तेवढी हलतेस.

तुझा,
दादा

*

ता. २२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मॅनेजरबद्दल माझं मत लिहून घे. न्हावीकाका चूक आणि मास्तरही चूक. त्याला कुणी हाकललं नाही आणि तो कंटाळलाही नाही. तो क्लबच्या अध्यक्षांच्या दारात बॅग घेऊन उभा राहिला असेल, कुणीतरी थांब म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही, मग काय करणार? पाय आहेत, चालायला लागला.

संमती म्हणे! माझी कुणी विचारली? त्या दिवशी मी अप्पांना सांगितलं, की मला आयुष्यभर गाद्याच शिवायच्या नाहीत, मी निघाले. ते निळा सोफा ठोकत होते. मान वर केली नाही. मी दारात उभी राहून मोजलं, सात खिळे ठोकले त्यांनी. सात खिळ्यांत माणूस एक शब्द बोलू शकतो, दादा. निळं कापड मात्र छान होतं, इथल्या बाकांना शोभेल. बघ, परत भरकटले.

खुर्ची न्हावीकाकांना देऊन टाका. पण त्यांना डावीकडे बसवा, अप्पांचा उजवा गुडघा कुणी पुढून जाताना दुखावतो. गुडघा बरा आहे ना?

लोभ ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा, परस्पर.

भिंगरी

ता. क. हे पत्र दुकानात वाचू नकोस.

*

ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात कागद सापडेना, म्हणून कापड बेतायच्या खाकी कागदावर लिहितोय. वाचू नकोस हे शेवटी लिहायचं असतं का, बाळ? दादा वरून वाचत आला. सात खिळ्यांपाशी न्हावीकाकांनी आपणहून हातोडी खाली ठेवली. ता. क. येईपर्यंत दुकान रिकामं झालं होतं.

तू सात मोजलेस ते बरोबर. पण तोंडात नऊ होते. नऊ संपले की बोलायचं असं मी ठरवलं होतं. काय बोलायचं ते जुळत नव्हतं, म्हणून सावकाश ठोकत होतो. मान वर केली तर दारात तू नव्हतीस. उरलेले दोन हातावर थुंकून बाहेर आलो तोवर तू शिंप्याच्या कोपऱ्यावरून वळत होतीस. हाक मारायला हवी होती. मारली नाही. संमती माझीही नव्हती.

मॅनेजरचं मला काही कळत नाही. अध्यक्षांच्या तोंडात किती खिळे होते कोण जाणे.

फॉर्मवर दोन खुर्च्या लिहून कालच टाकला. न्हावीकाका एक दिवस रुसले. शेवटचा सामना १२ एप्रिलला आहे. गाद्या शिवायला बोलवत नाही. गुडघा बरा आहे.

इकडचा लोभ बोलत नाही, पण आहे.

अप्पा

*

ता. ५ एप्रिल

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात वाचलं तरी चालेल. या वेळी आधीच लिहिते.

कप्तानाकडून चार दिवसांची सुट्टी घेतली. मागताना दारात उभी राहिले आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत हलले नाही. बराच बोलतो तो. मांजर परवा चुकून बोटीवरच राहिलं, पलीकडे जाऊन आलं, आता उतरायला तयार नाही.

१२ तारखेला दुपारी पोचते. मॅनेजरवर मला अजून बोलायचंय, तेव्हा हातोडी आधी माझ्याकडे. तुम्ही नऊच्या नऊ खिळे डबीत ठेवून बसा.

सामन्याला कोट घेऊन या, तिथे गार असतं. फक्त तो मांडीवर घ्या.

तुमची,
भिंगरी