व्हिटकॉमसाहेबांची हवा

३ ऑक्टोबर
सापडला! आम्हा जुन्या वळणाच्या माणसांना हवा तसा राष्ट्राध्यक्ष अखेर सापडला. गव्हर्नर व्हिटकॉम. कर कमी, देवावर श्रद्धा, लोकांच्या बंदुकांना सरकारने हात लावायचा नाही, आणि आमच्या मक्याच्या इथेनॉलला पाठिंबा. मी त्यांच्या प्रचाराचा गावातला कॅप्टन झालो. पक्षाचा उमेदवार कोण, याचा कौल जानेवारीत सगळ्या देशाआधी आयोवात लागतो. म्हणजे देश आयोवाकडे बघणार आणि गाव माझ्याकडे. बायकोला, आर्लिसला, फोटो दाखवला. म्हणाली, दात फार आहेत या माणसाला. राजकारणात दात लागतातच.

१७ ऑक्टोबर
प्रचार जोरात. आमच्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे होकार ओळखणं अवघड, असं लोक म्हणतात. मी पंचवीस वर्षं मक्याचं बियाणं विकतोय, मला गिऱ्हाईक कळतं. शेजारी डेल्मर म्हणाला, बघू या. म्हणजे पक्का. पाद्रीबाई म्हणाल्या, वेगळाच माणूस आहे. पक्क्या. मेहुणा ग्लेन काहीच बोलला नाही, नुसती कॉफी ओतली. अगदी पक्का.
पक्षाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगून टाकलं: व्हिटकॉम या गावात जिंकले नाहीत तर वडिलांपासून आमच्या घरात असलेलं गावातलं पक्षाचं अध्यक्षपद मी सोडेन. टाळ्या. आर्लिस घरी येऊन म्हणाली, जरा तोंडाला आवर घाल.

३० ऑक्टोबर
काल साहेब स्वतः आले. चर्चच्या तळघरात बायकांनी पोर्क सँडविच केली होती. साहेबांनी पाव बाजूला काढून ठेवला आणि आतला तुकडा काट्या-सुरीने खाल्ला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तब्येतीला जपत असतील. मला दोनदा व्हर्नन म्हणाले. मी व्हर्लिन. जवळ जवळ तेच.

१९ नोव्हेंबर
टीव्हीवर साहेब म्हणाले, इथेनॉलचा फेरविचार करावा लागेल. त्यांना काहीतरी वेगळं म्हणायचं असणार. सकाळपासून एक फोन नाही. तक्रार असती तर वाजला असता.
वाऱ्याने व्हिटकॉमच्या सगळ्या पाट्या पडल्या. दुसऱ्या उमेदवाराच्या उभ्याच आहेत. त्यांनी खोल ठोकल्या असतील.

८ डिसेंबर
आता म्हणतात, कर थोडे वाढवू. प्रचार कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की तुमचं म्हणणं साहेबांपर्यंत पोहोचवते, मिस्टर व्हर्नन.
झोप लागत नाही. आर्लिसने विचारलं, अजून का धरून बसलायस त्याला? म्हटलं, चारचौघांत शब्द दिलाय. तिने माझ्या कोटाचं तुटलेलं बटण लावायला घेतलं.
नवा संकल्प: बातम्या बघायच्या नाहीत.

४ जानेवारी
बातम्या बघितल्या. आता म्हणे बंदुकांवरही बंधनं आणणार. माणूस आहे की अळूचं पान, काही टिकत नाही याच्यावर! हे वाक्य खोडायचं आहे.
डेल्मर मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिकडे काम असेल. तो पक्का आहे.
देवा, मला तोंडघशी पाडू नकोस. जिंकवू नकोस हवं तर, पण चांगली मतं पडू देत. लोक म्हणतील, थोडक्यात गेलं.

१६ जानेवारी, सकाळ
काल कॉकस झाला, म्हणजे उमेदवार निवडायची पक्षाची गावसभा. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये बर्फ तुडवत सगळं गाव आलं. प्रत्येक उमेदवारासाठी एकेकाने बोलायचं. मी उभा राहिलो. मध्येच इथेनॉल शब्द आला आणि पुढचं सगळं विसरलो. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या.
मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं, डब्यात टाकायचं. पाव बाजूला काढणारा तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना. मग हिशेब केला: डेल्मर आहे, पाद्रीबाई आहेत, ग्लेन आहे, आणखी पाच-सहा तरी असतीलच. माझ्या एका मताने काय बिघडतंय? दुसऱ्याचं नाव लिहिलं. पक्षाच्या एकीसाठी.
मोजणी झाली. व्हिटकॉम: एक.
सगळा हॉल माझ्याकडे वळला. डेल्मरने पाठ थोपटली. म्हणाला, शब्दाला जागणारा माणूस बघितला आज. अध्यक्षपद सोडायचं नाही असं सगळ्यांनी मला बजावलं. पाद्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय करणार? मान खाली घातली. तो त्यांना विनय वाटला.
गाडीत बसलो. एका मताचा माणूस कोण असेल याचा मी विचार करत होतो. आर्लिसने हीटर लावून हात शेकले. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला तो माणूस कधीच आवडला नाही, व्हर्लिन. पण तू एकटा पडशील म्हणून मी त्याचं नाव लिहिलं. म्हटलं, दोन तरी होतील."