माझ्या वाट्याची टोपली

प्रिय अन्नपूर्णा,

पत्र पाहून दचकू नकोस, मी आहे अजून. फोन केला असता, पण फोन लावला की सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि मग 'बरी आहे गं' याच्यापुढे माझी गाडी जात नाही. मी बरी नाही. मला फार भीती वाटते, आणि ही भीती घरात कुणाला सांगायची सोय नाही.

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली हे तुला कळवलंच होतं. सलाईनमधून द्यायचं औषध निम्मं झालं, निम्मं बाकी आहे, मग ऑपरेशन. केस गेले, पण गाल वर आले बघ. ब्लाउजच्या शिवणी उसवाव्या लागल्या. जो तो म्हणतो तब्येत सुधारली. सासूबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "पाह्य ना, कशी भरून आली! खाल्लेलं अंगी लागून राह्यलं." शिरा काय, गुळाच्या पोळ्या काय! झाडूसुद्धा हातात घेऊ देत नाहीत. हेमराज पाण्याचा गडवा खाटेवर आणून देतात. लग्नाच्या नव्या नवलाईतही त्यांनी माझी एवढी चाकरी केली नव्हती.

मागच्या वेळी चंद्रपूरला दवाखान्यात मला अनवाणी एका मशीनवर उभं केलं आणि हातात दोन दांड्या दिल्या. वजनकाट्यासारखंच दिसतं, पण अंगात चरबी किती, मांस किती ते वेगळं सांगतं. वजन वाढलेलं पाहून मी खूश झाले, तर आहाराचं पाहणाऱ्या मयुरी मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "ताई, चरबी वाढून राह्यली, ताकत कमी होऊन राह्यली. चालत जा. थोडंथोडं वजन उचलत जा. डाळ, अंडी खा." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंगाला झेपणार नाही, पुढचं औषध कमी करावं लागेल. औषध कमी म्हणजे गाठ तशीच राहणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. घरी सांगितलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. "बिमार बाईले कामाले लावाचं? लोकं काय म्हणतील मले?" माया आहे गं त्यांची. मायेशी भांडता येत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात शेजारी जाते असं सांगून बायांबरोबर मोहफुलं वेचायला जंगलाच्या कडेला गेले. पहाटेचा तो वास किती दिवसांनी घेतला! उकिडवी बसून वेचत होते, तेवढ्यात कुणीतरी "वाघ! वाघ!" ओरडलं. टोपल्या टाकून सगळ्या पळाल्या. अन्नपूर्णा, मला उठताच आलं नाही. हात जमिनीला टेकले, जोर लावला, गुडघे सरळ होईनात. समोरचं झुडूप हलत होतं.

झुडपातून आमच्या गावातल्या नानाजींची गाय निघाली. बाया हसत परत आल्या, मीही हसले. आता गावभर झालंय, "रंजीता वाघालेही भेत नाई!" सासूबाई रागावल्या, पण शेजारणीला तेच कौतुकानं सांगत होत्या. मी कुणाचंच बोलणं खोडलं नाही. मी उठू शकले नाही हे फक्त तुला लिहिते आहे.

लहानपणी मोह वेचून परतताना मी रडले तरी तू माझी टोपली हलकी करायची नाहीस. "आपल्या वाट्याचं आपणच उचलाचं," म्हणायचीस. काय राग यायचा तुझा! आज तोच आवाज हवा आहे. पुढच्या महिन्यात मला पुन्हा त्या मशीनवर उभं राहायचं आहे. तोवर भद्रावतीचं घर भाऊजींवर सोपव आणि ये. पाहुणीला सासूबाई नाही म्हणायच्या नाहीत. आल्याबरोबर माझी तब्येत सुधारली असं म्हणू नकोस. रोज सकाळी मला चालव, उठ-बस करायला लाव, आणि मी रडले तरी माझ्या वाट्याची टोपली माझ्याच डोक्यावर दे. फक्त, पुन्हा कुणी वाघ म्हणून ओरडलं, तर पळण्याआधी एकदा मागे वळून बघ. मी उठले का ते.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
रंजीता