शिळ्या रक्ताचा निकाल

तीर्थरूप माय, तुझ्या तनुजाचा हैदराबादहून पाया पडून नमस्कार.

मी खुशाल हाय. मेसची भाकर कागदासारखी असते, पण पोट भरतं. तुझे गुडघे कसे हायत?

"शिरूरकडच्या बायांच्या रक्तात दोष" असं पेपरात आल्यापासून धास्तीनं तुझं जेवणच कमी झालंय, असं दयानंददादा फोनवर सांगत होता.

माय, दोष तुमच्यात न्हाई. शिबिरात घेतलेलं तुमचं रक्त आमच्या लॅबच्या फ्रीजरमंदी चार-पाच वर्षं पडून होतं. शहरातल्या बायांचं मात्र काढलं त्याच दिवशी तपासलं. लई दिवस ठेवलं की गोठवलेलं रक्तबी बदलतं, आकडे चुकतात. शिळी भाकर ताज्या भाकरीशेजारी ठेवायची आणि जवारीला नावं ठेवायची, तसलं हे आमच्या लॅबचं संशोधन!

मी मोठ्या सरांना बोलले. "छापून आलंय, आता कशाला उकरता?" म्हणाले. त्यांची माय शिरूरकडं राहत न्हाई ना!

"आपल्या तनुजाचं काम हाय" म्हणत तूच सगळ्या बायांना हाताला धरून शिबिरात नेलं होतंस. त्या आता तुझ्याशी बोलतात का? खरं कळव.

पोटभर जेव. आणि पुन्हा कुणी रक्त मागायला आलं, तर देऊ नको. मी आले तरी देऊ नको.

तुझीच,
तनुजा