सपाटीला दोन, घाटाला चार

नाशिक
१२ जानेवारी २०२५

ती. आप्पांच्या चरणी मनिषाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सहा वर्षांनी माझं अक्षर दिसतंय म्हणून पत्र तसंच बाजूला ठेवू नका, एवढी विनंती. तुमचे कान आता पार गेलेत, फोनवर काही कळत नाही, असं ओमकारकडून समजलं. मच्छे गावच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनांच्या टेस्टिंगला उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! ओमकारच्या मोबाईलवर मेसेज टाकता आला असता, पण तो आधी त्यानं वाचला असता. भाऊ झाला म्हणून काय, मला मधे कुणी नको होतं.

काम असं आहे. आम्ही गाडी घ्यायचं ठरवलंय. सासू-सासरे बेळगावच्या वडगावातले विणकामाचे माग विकून आता आमच्याजवळच असतात आणि आरोही पाच वर्षांची झाली, त्यामुळे सगळे मावतील अशी एसयूव्ही दिग्विजयनं पसंत केलीय. तिच्या इंजिनात म्हणे पेट्रोल वाचवायला चालता चालता चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. शोरूमवाला त्याचंच कौतुक सांगतो. शेजारचे मारुतीराव मात्र म्हणतात की अर्धं इंजिन झोपणारी गाडी घेऊ नका, वॉरंटी संपली की रडत बसाल. दिग्विजय हसण्यावारी नेतो. मला धास्ती वाटते. इंजिनाच्या बाबतीत मी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार?

आईचा गुडघा कसा आहे? तिला माझा नमस्कार सांगा. सांगवणार नसेल तर राहू द्या.

दोन ओळी आल्या तरी पुष्कळ. नाही आल्या तरी तुमचीच,
मनिषा


उचगाव
२५ जानेवारी २०२५

चि. मनिषास परशराम चौगुले याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. इंजिनाचं विचारलंस म्हणून लिहितोय, त्यात दुसरं काही शोधू नये.

तुझ्या शेजाऱ्याला सांग, झोपबिप काही न्हाय. गाडी सपाट रस्त्यावर एका वेगानं चालली की तिला चारी सिलिंडरांच्या ताकदीची गरज नसते. तेवढ्यापुरते मधल्या दोघांचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि त्यांचं पेट्रोल बंद होतं. पिस्टन आपले वरखाली होतच असतात. पाय दाबला की पापणी लवायच्या आत चारी कामाला. आत बसलेल्याला बहुतेक कळत बी न्हाय.

भ्यायचं ते ऑईलला. पूर्वी परदेशातल्या काही मोठ्या इंजिनांत ह्या सोयीनं लई त्रास दिला, ऑईल प्यायची, व्हॉल्व्ह हलवणारे भाग झिजायचे. ती बनावट वेगळी होती. आताची छोटी इंजिनं सुधारलीत, तरी कंपनीनं सांगितलंय तेच ऑईल घालायचं आणि वेळेच्या आधी बदलायचं, वेळेनंतर न्हाय. घ्यायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवून बघा. दोनाचे चार होताना धक्का जाणवला तर ती गाडी नको.

आता मुख्य गोष्ट. ही बचत लांबच्या सपाट रस्त्याची. गावात सिग्नलला थांबत-निघत चालवणाऱ्याला तिचा उपयोग थोडा, आणि घाट चढताना काहीच न्हाय. तेव्हा गाडी कुठं चालवणार हे कळल्याबिगर मी घे बी म्हणणार न्हाय आणि नको बी म्हणणार न्हाय. कुठं चालवणार ते लिही.

गुडघा हाय तसाच हाय. तुझा नमस्कार तुझ्या आईला सांगितला. ती उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली न्हाय.

कळावे.
आप्पा


नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस मनिषाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही आप्पा अशी सही केलीत. मी ते पत्र शाळेत डब्याबरोबर घेऊन गेले होते.

तुमच्या प्रश्नावर आठवडाभर विचार केला. खरं सांगायचं तर माझी शाळा घरापासून चार किलोमीटर आणि दिग्विजयचं ऑफिस सहा. दोघांच्या स्कूटर आहेत. गाडीवाचून आमचं काहीच अडत नाही. मला ती फक्त एका रस्त्यासाठी हवी आहे, साडेपाचशे किलोमीटरच्या. तो कुठला ते तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवलीय. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तिघं निघालो होतो. कोल्हापुराहून बेळगावची बस धरली. आरोहीला उलट्या व्हायला लागल्या म्हणून निपाणीत उतरलो. तिचं तोंड धुऊन बाकावर बसले, तर शेजारी एक म्हातारी भाजीची बुट्टी घेऊन बसलेली. तिनं विचारलं, कुठली गं तू बाय? मी उचगावची म्हणून सांगितलं. नाशिकची म्हणायचं सुचलंच नाही. तोंडातून तो शब्द गेला आणि मी आरोहीला जवळ ओढलं. दारात उभी राहिले आणि तुम्ही आत घेतलं नाही तर आरोहीला काय सांगू, असं मनात आलं. बेळगावच्या तीन बस डोळ्यांसमोरून गेल्या. दिग्विजय प्रत्येक बसला पिशव्या उचलायचा आणि माझ्याकडे बघून परत खाली ठेवायचा. चौथी कोल्हापूरची आली, तिच्यात बसून आम्ही माघारी फिरलो. यंदा दिग्विजयच गाडी बघूया म्हणाला. आपली गाडी असली की मला मधेच उतरता येणार नाही, असा त्याचा हिशोब असावा.

इथं बाजारात लांबून कुणी लई किंवा न्हाय म्हणताना ऐकलं तरी मी वळून बघते. बहुतेक वेळा साताऱ्याकडचं कुणीतरी असतं.

आता सांगा, घेऊ का?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मनिषा


उचगाव
२ मार्च २०२५

चि. मनिषास आप्पा आणि आई अक्काताई यांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला मी मोठ्यानं वाचून दाखवलं. किती मोठ्यानं ते मला कळत न्हाय. आईनं खुणेनं सांगितलं की रस्त्यावरची माणसं थांबलीत.

परवा निपाणीला जाऊन आलो. आमच्या टेस्टिंगमधल्या केदारीचं तिथं गॅरेज हाय. तुझ्या इंजिनासारखं एक त्याच्याकडं सर्व्हिसिंगला आलं होतं. कानाचं काम आता मी तळहातानं करतो. झाकणावर हात ठेवून अर्धा तास उभा राहिलो. इंजिन एकसारखं हाय, कुठं खरखर न्हाय. केदारीनं आतलं ऑईल बोटावर घेऊन दाखवलं, चांगलं होतं. माझी गाडीबद्दल तक्रार न्हाय.

काम झाल्यावर स्टँडवर गेलो. तू कुठल्या बाकावर बसली होतीस ते लिहिलं न्हाईस, म्हणून सगळ्या बाकांवर थोडा थोडा वेळ बसलो. तिथनं आपलं घर दीड तासावर. पोरीला दीड तास उरला होता आणि ती फिरली, ही गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यातनं जात न्हाय.

आणखी एक. तू घर सोडलंस त्या दिवशी मी जे बोललो, दिग्विजयची जात काढली, त्याला मी लोकांत कारण सांगतो की ऐकू येत न्हवतं, काय तरी भलतंच समजलो. ते खोटं हाय. त्या दिवशी मला चांगलं ऐकू येत होतं. तू जिन्यात थांबून रडलीस ते बी ऐकलं. उठलो न्हाय.

गाडी घे. मे महिन्यात या. निपाणीच्या स्टँडवर मी सकाळपासनं उभा असेन. तिथनं पुढं मला गाडीत बसवून घ्या, रस्ता मला बघायचाच हाय, आधी तवंदीचा घाट, मग संकेश्वराकडची सपाटी. जावईबापूंना सांग, म्हातारा पुढच्या सीटवर बसणार.

आई विचारते, पोरगी तिखट खाते का?

वाट बघणारे,
आप्पा


उचगाव
२४ मे २०२५

चि. मनिषास आणि दिग्विजयरावांस आशीर्वाद. चि. आरोहीस गोड पापा.

नाशकाला सुखरूप पोचल्याचं ओमकारनं कागदावर लिहून दाखवलं. आठ दिवस घरात इतकी माणसं होती की आता जेवायला बसलं तर पाटाभोवतीची फरशी बी मोठी वाटते. तुझी आई अजून सहा जणांच्या भाकरी थापते. गुडघ्याचं नाव काढत न्हाय.

येतानाचं एक तुला सांगायचं राहिलं. तू मागं डोळे पुसत बसली होतीस, तुझं लक्ष न्हवतं. निपाणी सोडली तेव्हा मी आणि जावईबापू दोघं अवघडून बसलो होतो. मला ऐकू येत न्हाय आणि त्यांना काय बोलावं कळत न्हाय. तवंदीच्या घाटात त्यांनी समोरच्या पडद्याकडं बघून मला चार बोटं दाखवली. पडद्यावर दिसत होतं, चारी सिलिंडर चालू. मी मान हलवली. घाट उतरून सपाटीला लागलो तशी त्यांनी दोन बोटं केली. मग प्रत्येक वेळी सांगायला लागले, चार, दोन, चार, दोन. हत्तरगीच्या पुढं मी रस्ता बघून आधीच बोटं धरायला लागलो आणि ते पडद्याकडं बघून हसायला लागले. वंटमुरीच्या चढाला तर आरोहीनं बी मागनं दोन्ही हात पुढं काढून चार बोटं धरली. सहा वर्षांत जावयाशी एवढंच बोललो, पण पोटभर बोललो.

केदारी विचारत होता, बदल होताना हाताला काय लागलं? मी त्याला खरं ते सांगितलं, की माझं तिकडं ध्यान न्हवतं.

तुम्ही जाताना मला बेळगावजवळ काकतीलाच सोडायचं ठरलं होतं. तिथं आल्यावर मी हातानंच अजून थोडं पुढं म्हटलं. संकेश्वराला बी तेच. असं करत निपाणी आली आणि पुढं न्यायला तुम्ही तयार होता, मीच उतरलो. तू काच खाली करून काहीतरी म्हणालीस. तुझे ओठ हललेले दिसले तेवढं. जावईबापूंनी गाडी काढली, आरोही मागच्या काचेतनं बोटं दाखवत होती. मी बेळगावची बस धरून घरी आलो. वाटेत सारखा तुझे ओठ आठवून जुळवत होतो, जमलं न्हाय.

काय म्हणालीस ते पत्रात लिही.

तुझा,
आप्पा