सत्तर हजार व्होल्टची पेटी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

पुन्हा फुटला! आजचा तिसरा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच. नखाएवढा काळा तुकडा, पण फुटताना असा वाजतो की शेजारच्या गाळ्यातले लोक धावत येतात.

काम नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं थंड होईल. छातीचा एक्स-रे काढणारं, हातात धरता येईल असं मशीन. बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची, ट्यूबला हवेत सत्तर हजार. मशीन दुसऱ्यांचं, मधली पेटी आमची — मुलुंडच्या या दोन खोल्यांच्या गाळ्यात! बॅटरीची बाजू आणि सत्तर हजारांची बाजू, दोघींमध्ये एकही तार जाता कामा नये. पलीकडे जातं ते नुसतं चुंबकत्व. चार वर्षं हेच करतेय, तरी लिहिताना अंगावर काटा येतो.

नानांना फ्लायबॅकच हवंय. आधी वीज साठव, मग एकदम पलीकडे फेक. नानांनी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, प्रत्येक जुन्या टीव्हीत हेच असायचं. "पंचवीस हजार व्होल्ट ह्या बोटांखाली गेले, गो. सत्तराचा काय एवढा?" नाना म्हणजे मालक, गुरू आणि मालवणी हट्ट, सगळं एकाच शर्टात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शेवंतीताई आजही खोकत होत्या. आमचे ट्रान्सफॉर्मर त्याच गुंडाळतात — केसासारखी बारीक तार, हजारो वेढे, हाताने. मी म्हटलं, एक्स-रे काढून या. "वार्निशचा वास आहे तो, मॅडम." नाना भडकले. गोवंडीत शेवंतीताईंच्या गल्लीत दोघांना टीबी निघालाय, हे त्यांनीच सांगितलं होतं ना! तर म्हणतात कशा — "दिवसभर लाईन कोण लावणार? तुमचं मशीन येणारच आहे आमच्याकडे टीबीच्या तपासणी शिबिराला. त्याच्यावर काढते. माझी कॉइल, माझी छाती!"

सगळे हसलो. पण म्हणजे आता पेटी जितकी लांबेल तितका हा खोकला बिनतपासणीचा. मला राग येतो. त्यांचा, नानांचा, माझा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एकेचाळीस हजार. मग ठो! वाट लागली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कळलं. कळलं!

शत्रू दोन. एक — हजारो वेढे एकमेकांना चिकटून बसले की ती गुंडाळीच कपॅसिटर होते, म्हणजे वीज साठवणारी टाकी, फेकलेली वीज आधी आपण गिळते. दुसरा — थोडं चुंबकत्व पलीकडे न जाता अलीकडेच भटकतं, आणि स्विच बंद झाला की मॉस्फेटच्या अंगावर येतं. फ्लायबॅकमध्ये दोघांशी सतत मारामारी. व्होल्ट वाढवले की मारामारी वाढली.

दुपारी सहज कागदावर रेझोनंट ब्रिज मांडला. चार स्विच, वीज फेकायची नाही, झुलवायची. झुलायला लागतं काय? एक वीज साठवणारं कपॅसिटन्स, एक चुंबकत्व साठवणारं इंडक्टन्स. अरे, म्हणजे हेच दोघे! ज्यांना एवढ्या शिव्या घातल्या, त्यांनाच कामाला लावायचं. त्यांच्या तालात हलकं ढकलायचं, झोपाळ्याला ढकलतो तसं. आणि स्विच बदलतो तोही अशा क्षणी की त्याच्यावर भार जवळजवळ नसतोच.

ट्रान्सफॉर्मरने फक्त सहा हजारांपर्यंत न्यायचं. पुढे डायोड आणि कपॅसिटरची शिडी, सहा पायऱ्यांची. प्रत्येक पायरीला सहाच्या दुप्पट, बारा हजारांची भर. म्हणजे थेट बहात्तर, आणि भाराखाली थोडं उतरून सत्तर.

मी पेन खाली ठेवलं. डबा तसाच राहिला. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? आणि सुचल्यावर त्या माणसाने कुणाला सांगितलं असेल?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नानांना सांगितलं. ज्यांनी मल्टिमीटर धरायला शिकवलं, त्यांना सांगायचं की तुमचं फ्लायबॅक इथे चालणार नाही!

नानांनी कागद जवळ ओढला, दोन्ही शत्रूंवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तीस वर्षां मी ह्याच दोघांका मारत होतंय." बस, एवढंच. चहा मागवला. माझ्यासाठी बिस्किटंही.

मंगळवार, ४ मार्च

नानांची पँट सुटायला आली होती. चामड्याचा पट्टा, भोकं संपलेली. त्यांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि पट्ट्याला सरळ नवीन भोक पाडलं. गाळाभर जळक्या चामड्याचा वास! "सुनेनं साखर बंद केली ना," म्हणाले. शेवंतीताई म्हणतात, हिरो झालात नाना.

गुरुवार, २० मार्च

आज जे पाहिलं त्याला काय म्हणू?

शत्रूंना कामाला लावायचं, तर ते प्रत्येक पेटीत सारखेच हवेत. एकात कमी, एकात जास्त असं झालं तर ताल चुकला. मी घाबरतच शेवंतीताईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, "मग सगळी तार एका ढिगात नको. खण पाडून गुंडाळते, प्रत्येक खणात मोजून." पाच कॉइल दिल्या. मी मोजल्या. पाचही जवळपास सारख्या! मीटर बिघडला वाटून दुसरा आणला. तेच आकडे.

सातवी पास बाई. विचारलं, कसं केलंत? "हाताला कळतं तार किती ओढायची ते." आणि पुन्हा खोकल्या.

गुरुवार, २७ मार्च

सत्तर हजार!!!

आमचा नियम — डावा हात खिशात, म्हणजे झटका छातीतून आरपार जाणार नाही; आणि पेटीला हात लावण्याआधी एकाने ओरडायचं "काठी?", दुसऱ्याने उरलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थची काठी टेकवून उत्तर द्यायचं "लावली!" या नियमापायी मी माझ्या सगळ्या कुर्त्यांना खिसे शिवून घेतलेत. आज तिघांचे डावे हात खिशात. नानांनी नॉब मला फिरवायला दिला.

वीस. चाळीस. एकेचाळीसला मी श्वास धरला. पन्नास. साठ. सत्तर, आणि तिथेच थांबलं. ना ठिणगी, ना आवाज. पेटी ज्यात बुडवलीय त्या तेलाच्या डब्यात शांतपणे सत्तर हजार व्होल्ट उभे! पुढे अर्धा तास तसेच. मला रडूच आलं. शेवंतीताईंनी डब्याकडे बघून हात जोडले, मग स्वतःलाच हसल्या.

बंद केल्यावर मी ओरडले, "काठी?" नाना अजून मीटरकडेच बघत होते. शेवंतीताईंनीच टेकवली. "लावली!"

शुक्रवार, २५ एप्रिल

पेटी मशीनवाल्यांच्या सगळ्या चाचण्यांत पास! पेढे. नानांनी अर्धाच खाल्ला. पट्ट्याला आणखी एक भोक हवं म्हणाले. या वेळी मी पाडून दिलं, झकास गोल. "इंजिनीअरचं भोक," नाना म्हणाले.

रविवार, १५ जून

गोवंडी. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शिबिर. आमची पेटी असलेलं मशीन टेबलावर, कॅमेऱ्याएवढं! बाहेर बायका-माणसांची रांग. आणि शेवंतीताई ऐनवेळी अडून बसल्या. "आता नको मॅडम, भीती वाटते."

नाना म्हणाले, "भितंस कित्याक? बघ, मी पयलो उभो रवतंय." शर्टाची बटणं सोडून खरंच उभे राहिले. त्यांच्यामागून शेवंतीताई.

बटण दाबलं. टिक. बास, एवढंच! आणि पडद्यावर माणसाच्या आतलं सगळं — बरगड्या, हृदयाची सावली, श्वासाची जागा. हे आमच्या गाळ्यातून आलं! मी आजूबाजूला बघत राहिले, कुणाला तरी सांगायला.

शेवंतीताईंचा फोटो साफ. खरंच वार्निश! मी त्यांना घट्ट मिठी मारली. सोमवारी पहिलं काम, वार्निशच्या टेबलावर पंखा. निघताना नाना अजून डॉक्टरांपाशीच होते. मला वाटलं, पेटीची माहिती देत असतील.

सोमवार, १६ जून

डाग नानांच्या फुफ्फुसावर आहे. थुंकी तपासायला दिलीय. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, वजन कधीपासून उतरतंय? नानांनी पट्टा काढून दाखवला. एक भोक त्यांचं, एक माझं.