खालून कापलेली ओळ

२ फेब्रुवारी, सोमवार
सखेद नोंद: यंदाच्या वहीच्या रेघा मुंग्यांसाठी आखलेल्या आहेत. माझ्या अक्षराच्या मात्रा वरच्या ओळीच्या पायात अडकतात. वही बांधणाऱ्या दस्तगीरच्या दुकानी, कसबा बावड्यात, जाऊन रीतसर तक्रार गुदरली. तीस वर्षांची दोस्ती, पण गड्यानं हातातली सुईसुद्धा खाली ठेवली नाही. "मुद्दाम आखल्यात, मास्तर. पेपरात पसरतोस तसा हितं पसरायला नगं." (यापुढे या इसमाचा उल्लेख नुसता द. शिक्षा म्हणून, आणि जागा वाचावी म्हणूनही.)

शाळेतून आलो तर यास्मिनचा फोन. द.ची थोरली. आठवी ते दहावी माझ्याकडे संस्कृत शिकली, आता जर्मनीत बसून क्वेसार बघते. म्हणजे अतिदूरचं अजस्र कृष्णविवर आणि भोवती तापून लखलखणारा वायू. तिथला प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती. त्यातले क्ष-किरण हवा ओलांडून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण वर अवकाशात.
"काका, इतका वेळ दुर्बीण रोखली आणि क्ष-किरणांचे कण आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण तेवढेसुद्धा अपेक्षेपेक्षा जास्त आहेत! कुणाला सांगू नका हं. अजून तपासायचंय."
नाही सांगणार, म्हणालो. आवाज थेट दहावीच्या निकालादिवशीचा.

५ फेब्रु., गुरु.
कुणाला सांगितलं नाही. लिहून ठेवलं.
आम्हा वार्ताहरांची जुनी खोड: संध्याकाळचा सत्कार दुपारीच "उत्साहात संपन्न" करून टाकायचा. शाळा सांभाळून बातम्या द्यायच्या तर दुसरा इलाज नाही. तशीच ही बातमी तयार करून संजूकडे पाठवली. संजू आमच्या दैनिकाचा उपसंपादक, माझाच विद्यार्थी, संस्कृतात काठावर पास. शेवटी स्वतंत्र ओळ टाकली: मी सांगेपर्यंत लावू नये.

७ फेब्रु., शनि.
लागली. पान तीन, चौकटीत. "बावड्याच्या कन्येने शोधला विश्वाच्या टोकाचा दिवा."
संजूला फोन. "सर, ऐनवेळी जाहिरात आली. खालून चार ओळी कापल्या."
बातमी खालूनच कापतात. वीस वर्षं ठाऊक आहे मला. मुख्य ते आधी, फुटकळ ते शेवटी, हे नव्या वार्ताहरांना मीच शिकवतो. आणि सगळ्यांत मुख्य वाक्य मी...
द. पेढे घेऊन दारात. डोळे भरलेले. "जल्माचं काम केलंस की, मास्तर!"
पेढा खाल्ला.

८ फेब्रु., रवि.
यास्मिनचा निरोप. "काका, तो क्वेसार मी शोधलेला नाही. शोधणारे दुसरे आहेत, आम्ही फक्त त्याचे क्ष-किरण मोजले. तेही अजून प्रसिद्ध व्हायचंय. आमच्या प्रमुखांना कुणीतरी कात्रणाचं भाषांतर पाठवलंय."
चार वेळा उत्तर लिहिलं, खोडलं. पाचव्यांदा: चूक माझी.

१० फेब्रु., मंगळ.
फोन उचलला तिनं. आवाज सपाट. गोष्ट अशी की त्या क्वेसारला चिकटून दिसणारी एक दीर्घिका आहे, प्रत्यक्षात आपल्या पुष्कळच जवळची. आलेल्या कणांतले काही तिचे निघाले तर दावा कोसळला. १८ला दुसरी, जास्त बारीक नजरेची दुर्बीण रोखणार. "एक ठिपका दिसला तर आमचा. दोन दिसले तर विसर्ग, काका." थट्टा केली, म्हणजे अगदीच परका झालो नाही.
मग म्हणाली, "माझ्या नोकरीची मुदत वाढवायची की नाही ते याच महिन्यात ठरतंय. प्रमुखांनी विचारलं, हे पेपरवाल्याला तूच सांगितलंस का?"
"तू काय म्हणालीस?"
"हो म्हणाले. सांगितलंच होतं ना."

१२ फेब्रु., गुरु.
खुलासा छापून आला. पान सहा, म्हशींच्या दूध स्पर्धेच्या निकालाखाली, तीन ओळी. या वेळी मात्र माझं एक अक्षर कुणी कापलं नाही.
तो घेऊन दुकानी गेलो. द.नं मूळ कात्रण लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. खुलासा दोनदा वाचला त्यानं.
"म्हंजे खोटं हाय व्हय?"
"खोटं नाही. घाईचं आहे."
"पोरीला काय तरास?"
"न्हाय रे," म्हणालो. हे मात्र तोंडी असत्य. याचा खुलासा छापायची सोय नाही.

१४ फेब्रु., शनि.
तिच्या प्रमुखांना पत्र लिहायचं ठरवलं. या वेळी आधी विचारलं. "पाठवा," म्हणाली, "पण उपमा नकोत."
उपमा काढल्यावर उरलं ते दोन वाक्यांचं: तिनं गुप्त ठेवायला सांगितलं होतं. शब्द मी मोडला.
पोच नाही.

१८ फेब्रु., बुध.
सूर्यावर वादळ. यंत्रं बिघडू नयेत म्हणून दुर्बिणीचं काम मध्येच थांबवलं. निरीक्षण अर्धंच झालं. पुन्हा वेळ कधी मिळेल, कुणी सांगत नाही.
वर्गात शब्दरूपं घेताना दोनदा चुकलो. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

२१ फेब्रु., शनि.
सकाळी यास्मिनचा निरोप: "अर्ध्या निरीक्षणात ठिपका दिसतोय, पण लांबट. एक की दोन, सांगता येत नाही. तेवढ्यावरच सोमवारी माझ्या मुदतीची बैठक."
दुपारी द.कडे. त्याचा रोजा, तरी माझ्यासाठी चहा मागवला. समोर पानं शिवत होता.
"मास्तर, सोमवारी काय हाय? पोरगी म्हणली, अब्बा, दुवा करा. कशापायी ते काय बोलंना."
"बैठक आहे."
"ते तिनं बी सांगितलं. तू काय झाकायलायस?"
चहा संपवला नि उठलो. भिंतीवरचं कात्रण उन्हात चकाकत होतं, म्हणजे तिकडे न बघताही दिसत होतं.

ठिपका एक निघो की दोन, विश्वाचं काही अडत नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. त्या पोरीनं आनंदानं मला एक गोष्ट सांगितली आणि तेवढ्यापायी तिचं काम जाईल. गेलं, तर ती मला बोल लावणार नाही. द.ला सांगायला मलाच जावं लागेल, आणि काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.