पाच किलो दगडाची भुकटी

सोमवार, ३ मार्च
ही बहिणीकडे गेली. भाचीचं बाळंतपण. अठरा दिवस. फाटकापाशी बजावून गेली: स्वयंपाकघर जाळलंत तरी चालेल, कुंपणाच्या झाडांकडे लक्ष द्या, रोज संध्याकाळी पाणी. बावीस झाडं, सगळी हिच्या आईच्या अंगणातल्या काड्या लावून वाढवलेली. आई गेली, ते घर विकलं, उरलंय ते एवढंच. म्हणालो, निश्चिंत जा.

बुधवार, ५ मार्च
पानांना भोकं. उलटून पाहिलं, हिरव्या अळ्या. पलीकडचे मास्तर म्हणाले, हाताने वेचा, साबणाच्या पाण्यात टाका, दहा मिनिटांचं काम. तीस वर्षं ऑफिसात प्लॅनिंग केलेल्या माणसाने अळ्या वेचायच्या? नुसता हसलो.

गुरुवार, ६ मार्च
नर्सरीतून पाच किलो खनिज भुकटी आणली. विष नाही, केमिकल नाही, शुद्ध दळलेला दगड. कीड त्यावरून चालली की वाळून मरते. नर्सरीवाला म्हणाला, पान कोरडं हवं, आणि अगदी हलक्या हाताने, साहेब. हलक्या हाताने कुणाचं भलं झालंय?

शनिवार, ८ मार्च
दोन दिवस तेच. सकाळी चाळणीने भुकटी, संध्याकाळी पाइपने पाणी. भुकटी वाहून जाते. अळ्या आंघोळ करून ताज्यातवान्या.

रविवार, ९ मार्च. सकाळी ७
चूक सापडली. चूक पाण्याची आहे. आजपासून पाणी बंद. मास्तर म्हणाले, अहो, पाइप मुळाशी धरा की. त्यांना समजावलं, ओल वर चढते. ते मान हलवून घरात गेले. पटलं असावं.

मंगळवार, ११ मार्च
हिचा फोन. कुंपण कसं आहे? म्हणालो, फुल्ली प्रोटेक्टेड. म्हणजे काय, म्हणाली. रेंज जातेय असं सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च
एकही अळी दिसत नाही! पानही दिसत नाही म्हणा, पण तो थर जाड बसल्यामुळे. मास्तरीणबाईंनी विचारलं, भावजी, चुना लावताय का? घरात निघून आलो. खोकला होता.

शनिवार, १५ मार्च
थर झटकून पाहिला. अळ्या आहेत. गुबगुबीत. वर छप्पर, खाली जेवण, आणखी काय हवं? चिडून आणखी पाच किलो आणली. नर्सरीवाल्याने विचारलं, साहेब, बाग केवढी आहे तुमची? म्हणालो, मोठी.

सोमवार, १७ मार्च
विजय! झटकून झटकून पाहिलं, एक अळी नाही. मास्तर म्हणाले, खायला उरलंय काय तिथे? काही माणसांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

बुधवार, १९ मार्च
फांदी वाकवली. कट्कन मोडली. दुसरी वाकवली. तीही. चौदा बादल्या पाणी घातलं, पाठीचा कणा मोडला. भुकटीचा चिखल झाला आणि दुपारपर्यंत वाळून फांद्यांना प्लास्टर बसलं. हाताने खरवडत बसलो. आई, एक तरी पान फुटू दे, असं सासूबाईंना म्हणालो. हयात असताना कधी काही मागितलं नव्हतं.
निश्चय: आज फोनवर हिला सगळं खरं सांगायचं.
सायं. ७: फोन आला. सांगितलं, सगळं उत्तम.

शुक्रवार, २१ मार्च
ही आली. बॅग रस्त्यातच ठेवली. पहिल्या झाडापासून सुरुवात केली. प्रत्येक खोड नखाने खरवडून बघत गेली. आत तपकिरी. पुढचं. तपकिरी. मी मागून बोलत होतो, यंदा हवाच वाईट, सगळीकडे हेच आहे. ही पुढच्या खोडाकडे सरकली.
बाविसावं झाड कोपऱ्यात, उघड्या फाटकाच्या मागे. मास्तरांच्या मोरीचं पाणी तिथून जातं. तिथे नखाखाली हिरवं निघालं. ही मातीतच बसली, त्या झाडाला धरून.
म्हणालो, बघ, एक वाचवलं.
ही म्हणाली, तिथे तुमचा हात पोचला नाही.
खरं आहे. फाटक आड येतं.